प्रत्येक उशीर देवाचा नसतो

पत्र : "मावशी, सलाम. माझं वय चाळीस, यांचं त्रेचाळीस. लग्नाला चौदा वर्षं झाली. आधी औषधं, मग दोनदा टेस्ट ट्यूब, दोन्ही वेळा अपयश. शेवटी दोघांनी मिळून दत्तक घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन नाव नोंदवलं, समाजसेविका घरी येऊन गेल्या, आणि गेली साडेतीन वर्षं आम्ही यादीतला आकडा बघत बसलोय. चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात, देवाची वेळ आली की होईल. पाळकसाहेबांच्या पत्नी दर भेटीत, म्हातारपणी मूल झालेल्या सारेची आठवण करून देतात. गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या प्रार्थनेत एक ज्येष्ठ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, दत्तक म्हणजे हागारेची वाट, देवाच्या पुढे पळणं. घरी येऊन खूप रडले. हे म्हणतात, प्रार्थना तू कर, माझ्याच्यानं आता होत नाही. नाव नोंदवलं त्या वर्षी मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी शिवली होती. ती कपाटात पडून आहे. हल्ली वाटतं, कुणाला तरी देऊन टाकावी. देवावर भरवसा ठेवणं कुठे संपतं आणि स्वतःला फसवणं कुठे सुरू होतं, तेच कळेनासं झालंय. — वाट पाहणारी, नगर जिल्हा"

सलाम, पोरी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा, त्या ज्येष्ठ बाईंवरचा माझा राग जरा खाली बसावा म्हणून. तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. ती आधी सांगते, कारण ती भरवशाची नाही, कागदाची आहे. समाजसेविका घरी येऊन जो होम स्टडी रिपोर्ट करतात, तो तीन वर्षं चालतो. तू साडेतीन वर्षं म्हणतेस आणि नूतनीकरणाचा एका अक्षरानेही उल्लेख करत नाहीस. झालं असेल तर उत्तम. नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम फोन. हे पत्र त्यानंतर पुढे वाचलंस तरी चालेल.

आता हागार.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची बायको सारे हिच्या हातून चूक झाली, यात वाद नाही. पण चूक कुठे झाली ते त्या बाईंनी नीट वाचलेलं दिसत नाही. मूल दुसरीच्या पोटचं होतं, ही ती चूक नव्हे. घरात हागार नावाची एक मिसरी दासी होती. तिला कुणी विचारलं नाही, मूल व्हावं म्हणून वस्तू उचलून द्यावी तशी ती नवऱ्याच्या हवाली केली, आणि तिला दिवस राहिल्यावर इतकं छळलं की ती रानात पळून गेली. पुढे तर भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन लेकरासकट घराबाहेर काढली. त्या रानात देव कुणाच्या बाजूला गेला? हागारेच्या. 'मला पाहणारा देव' असं नाव देवाला देणारी बाई हागार आहे. हे प्रकरण वाचून ज्याला दत्तक आलेल्या लेकराची भीती वाटते, त्याने ते उलटं धरून वाचलंय.

तू जे करते आहेस ते याच्या नेमकं विरुद्ध आहे. तू कुणाचं लेकरू हिसकावत नाहीस. ज्याला घर नाही त्याला घर देण्यासाठी रांगेत उभी आहेस. आणि त्या बाईंना वचनंच हवी असतील तर मोशेला फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, मुलीने वाढवलं, एस्तेरला तिच्या चुलतभावाने, मर्दखयाने. आपल्या प्रभूच्या डोक्यावर या जगात ज्याचं छत्र होतं तो योसेफ सुतार त्याचा रक्ताचा बाप नव्हता. पौल तर रोमच्या मंडळीला लिहिताना आपणा सगळ्यांचं देवाशी असलेलं नातं दत्तकपणाच्या भाषेत सांगतो. म्हणजे त्या बाई स्वतःही दत्तकच आल्या आहेत. हे त्यांना माझ्या नावाने सांगितलंस तरी माझी हरकत नाही. वय झाल्यावर माणूस थोडं तोंडाळ होतं, ते लोक चालवून घेतात.

सारेचं उदाहरण मात्र मला एरवीही जपून वापरावंसं वाटतं. अब्राहामाने हारान सोडलं तेव्हा तो पंच्याहत्तर वर्षांचा होता, आणि सारेला इसहाक झाला तेव्हा शंभराचा. पंचवीस वर्षं! आपण ती एका श्वासात सांगून मोकळे होतो. मधल्या एकेका रात्री त्या तंबूत काय बोलणं होत असेल, याचा विचार सांगणारा करत नाही. शिवाय सारेला वचन मिळालेलं होतं. तुला मिळालेलं नाही, मलाही नाही, आणि पाळकसाहेबांच्या पत्नींनाही तुझ्या वतीने मिळालेलं नाही. देवाने जे कबूल केलं नाही ते त्याच्या नावावर खपवायला माणसाने घाबरलं पाहिजे.

माझ्या पेन्शनची गोष्ट सांगते. शाळेतून निवृत्त झाले आणि फाईल अडकली. सेवापुस्तकाच्या कुठल्याशा पानावर एक सही राहिली होती. पुढच्या टेबलाने मागच्याकडे पाठवायची, मागच्याने परत पुढच्याकडे. दीड वर्ष. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, देवाची वेळ यायची आहे." मी म्हटलं, देवाची नाही, तिसऱ्या टेबलावरच्या भाऊसाहेबांची यायची आहे. मग डबा आणि विणकाम घेऊन त्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसू लागले. अकराव्या दिवशी सही झाली. मी देवाचे आभार मानले, पण उशीर काही त्याच्या खात्यावर टाकला नाही.

तुझ्या रांगेतल्या उशिरालाही कारणं आहेत, आणि ती माहीत असली की रात्री छातीवरचा दगड थोडा हलका होतो. देशभरात दत्तकासाठी नाव नोंदवलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत, आणि वर्षाला दत्तकविधानं होतात चार-साडेचार हजार. हा सरळ भागाकार आहे. त्यात तुझ्या विश्वासाची परीक्षा घ्यायला कुणी बसलेलं नाही. तुझ्यापुढे जे उभे आहेत त्यांची प्रार्थना तुझ्याहून जोरात नव्हती, त्यांनी नाव आधी नोंदवलं.

दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. संस्थेत आलेलं प्रत्येक बाळ लगेच दत्तक देता येत नाही. बाल कल्याण समितीने ते 'मुक्त' झाल्याचं जाहीर करावं लागतं. सापडलेलं मूल असेल तर आधी त्याच्या माणसांचा शोध घेतात. आईने स्वतः आणून सोपवलेलं असेल तर तिला कायद्याने 60 दिवस दिलेले आहेत. त्या साठ दिवसांत ती केव्हाही येऊन म्हणू शकते, माझं मन बदललं, माझं लेकरू मला द्या. जरा डोळ्यांपुढे आण. दूध अजून आटलेलं नाही अशी कुणी एक पोरगी, कुठल्याशा गावात, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तीही दिवस मोजते आहे. तुझी वाट आणि तिची वाट एकाच लेकरापाशी येऊन मिळणार असेल, तर तिचे साठ दिवस तिला पुरते मिळू देत. 'देवाची वेळ' हे शब्द मला कुठे खरे वाटत असतील तर ते इथे. कारण इथे थांबण्यात कुणाची तरी राखण आहे.

आणि आपल्या लोकांसाठी आणखी एक. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता आणि त्यात बौद्ध, जैन, शीख धरलेले होते. ख्रिस्ती जोडप्याला मिळायचं ते 1890 च्या कायद्याखालचं पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की तेही संपलं. वारसा आपोआप नाही. मी शाळेत हजेरीपट आणि दाखले भरायचे तेव्हा आमच्या मंडळीतलं एक जोडपं मुलीला घेऊन आलं होतं. 'वडिलांचे नाव' या रकान्यापाशी माझा पेन थांबला. ते गृहस्थ खाली बघत म्हणाले, "पालक लिहा, बाई. कोर्टाचा कागद तसाच आहे." ती मुलगी त्यांचं बोट धरून उभी होती, त्यांच्यासारखीच किंचित मान वाकडी करून. 2000 साली बाल न्याय कायदा आला, 2006 च्या दुरुस्तीने त्यातला दत्तकाचा भाग पक्का झाला, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. 2022 पासून तर आदेशही कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्या गृहस्थांना कितीतरी जण सांगत असतील, धीर धरा. पण त्यांची अडचण देवाने घातलेली नव्हती. माणसांनी केलेला कायदा होता, आणि तो माणसांनी भांडून बदलला.

म्हणून तू विचारतेस त्या फरकाचं माझ्यापुरतं उत्तर असं. जिथे हात हलवता येतो तिथे हलवायचा, आणि हलवून झाल्यावर जे उरतं तेवढंच देवाच्या हातात आहे असं म्हणायचं. त्याच्या आधी म्हटलं तर ते 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' झालं. आपण ख्रिस्ती लोक हरीच्या जागी प्रभू म्हणतो, खाटलं मात्र तेच ठेवतो. जुन्या करारातल्या योसेफाचं बघ. सतराव्या वर्षी भावांनी विकला, पुढे तुरुंगात गेला. तिथे फारोच्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला पेला देणाऱ्या सेवकाला, स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर तो हात जोडून बसला नाही. तो त्याला म्हणाला, सुटलास की फारोकडे माझं नाव काढ. विश्वास होता तरी त्याने वशिला लावून पाहिला. प्यालेबरदार विसरला, आणि पुढची दोन पुरी वर्षं काहीच घडलं नाही. वशिला लावला म्हणून देवाने त्याला बोल लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आता स्वतःला फसवण्याबद्दल. फसवणं आत शिरतं कुठून, तर 'मला काही वाटत नाही' या वाक्यातून. स्तोत्रांच्या पुस्तकात तेरावं स्तोत्र काढ. पहिल्या दोन ओळींत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो : कुठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी स्तुती करीन' वगैरे काही येत नाही. आपल्या बापजाद्यांनी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. मग तू रविवारी साक्षीच्या वेळी डोळे कोरडे ठेवायची शर्यत कुणाशी लावते आहेस? भांडायचं तर देवाशी भांड. तो सोडून दुसऱ्याच कुणाकडे तक्रार नेत नाहीस, यातच भरवसा आला.

हे सगळं मला शास्त्रातल्या, मूल नसलेल्या हन्नाकडून कळलं. तिची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण आपण ती नेहमी शेवटाकडून सांगतो, तिला मुलगा, शमुवेल, झाला तिथून. मधून वाच. दरवर्षी सगळं कुटुंब शिलोला जायचं. यज्ञ, जेवण, सवत पनिन्ना हिची मुलंबाळं पंगतीत. आणि पनिन्नेचे टोमणे, दरवर्षी, तेच. हन्ना रडायची, जेवायची नाही. नवरा, एलकाना, जीव लावणारा माणूस, पण काय बोलावं ते न कळणारा. म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? पुरुषमाणसं अशा वेळी स्वतःला मधे आणतात. वाईट हेतूने नाही, घाबरून. ती उठली, मंदिरात गेली, आणि ओठ हलताहेत पण आवाज नाही अशी प्रार्थना करू लागली. दारापाशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, ही प्यालेली आहे. देवाच्या दाराशी उभा जन्म काढलेल्या माणसाला बाईचं दुःख ओळखता आलं नाही! तिने काय केलं? तडकून घरी गेली नाही, आणि 'हो महाराज' म्हणून मानही तुकवली नाही. तिने त्याला दुरुस्त केलं. मी प्यालेली नाही, मी माझं मन देवापुढे ओततेय. एली वरमला, आशीर्वाद दिला. आणि मग एक साधी ओळ आहे. ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहिला नाही.

ती जेवली केव्हा ते बघ. पदरात अजून काहीच पडलेलं नव्हतं. दिवस राहिलेले नव्हते, तारीख ठरलेली नव्हती, आणि पनिन्ना अजून त्याच पंगतीत बसलेली होती. माझ्या आयुष्यात मीही एक मोठी गोष्ट मागितली होती आणि ती मला मिळाली नाही. सहा वर्षं नवऱ्याच्या खाटेपाशी बसून मागितली. त्याच्या अंत्यविधीच्या संध्याकाळी शेजारणीने पिठलं-भाकरी आणून समोर ठेवली आणि मी जेवले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हन्नाची ती ओळ मला थोडी कळली. याहून जास्त समजावून सांगता येणार नाही.

आपल्या मराठी शास्त्रात हन्ना दोन आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय का? दुसरी लूकच्या शुभवर्तमानात. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आणि वयाची चौऱ्याऐंशी गाठली तरी मंदिरात. तिला लेकरू झाल्याचं काही लिहिलेलं नाही. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन आले त्या क्षणी ती तिथे होती, इतकंच. तुझी गोष्ट पहिल्या हन्नाची होईल की दुसरीची, ते मी सांगू शकत नाही. 'होईलच' असं लिहून हे पत्र गोड करण्याचा मोह झाला होता, तो आवरला.

नवऱ्याविषयी थोडंच. त्यांना प्रार्थनेला बसवू नकोस. देवाशी अबोला धरलेला माणूस देवाला सोडून गेलेला नसतो. त्यांना एक काम दे. मुलाचा फोटो आणि अहवाल दत्तकाच्या पोर्टलवर येईल तेव्हा 48 तासांत ठरवून कळवावं लागतं. त्या दोन दिवसांत काय विचारायचं, कुठल्या बालरोगतज्ज्ञाला कागद दाखवायचे, रजा कशी टाकायची, हे त्यांनी वहीत आधी लिहून ठेवावं. आणि फोन नंबर, ईमेल बदललेला नाही ना, हे दर महिन्याला तपासावं.

तुम्हा दोघांच्या वयाची बेरीज आज 83. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी जोडप्याची मर्यादा 85 आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. नूतनीकरणाच्या वेळी वय कुठल्या तारखेचं धरतात, ते समाजसेविकेकडून लेखी विचारून घे. याच निमित्ताने दोघं एकदा निवांत बसा आणि बोला, आपल्याला तान्हंच हवंय का? मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, काही आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं यांच्यासाठी एवढी लांब रांग नसते. पण रांग लहान आहे म्हणून तिकडे वळू नका. पाच वर्षांचं पोर स्वतःच्या आठवणी घेऊन येतं. रात्री दचकून उठतं, डब्यातली पोळी उशीखाली लपवतं. ते झेपणार असेल तरच. नसेल तर तसं मोकळेपणाने म्हणा, त्यात पाप नाही.

मातृदिनाच्या रविवारी उपासनेला गेली नाहीस तर देव हजेरी मांडत नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणाला पाकीट देऊन लवकर निघालीस तरी चालतं. पाळकसाहेबांच्या पत्नींना मात्र एकदा घरी चहाला बोलाव, आणि हन्नाने एलीला सांगितलं तसं शांतपणे सांग की सारेचं नाव काढलं की मला दुखतं. बहुतेकींना खरंच कळत नसतं. सांगितल्यावर कळतं. त्या ज्येष्ठ बाईंचं वेगळं, त्यांना चहा नको.

गोधडी देऊ नकोस. हन्ना शमुवेलासाठी दरवर्षी लहान झगा शिवून न्यायची, वाढत्या मापाचा. तुला तेवढाही त्रास नाही. लुगड्याच्या गोधडीला आणखी दोन पट्ट्या जोडल्या की ती वाढते, हे तुझ्या सासूबाई सांगतील. डांबरगोळ्यांचा वास लेकरांना सोसत नाही, तेव्हा एकदा दोन दिवस कडक उन्हात टाक. आणि रिपोर्टच्या नूतनीकरणाचं काय झालं ते मला कळव. पोस्टकार्डावर चार ओळी पुरे.

तुझी
मावशी